लाल चौकातली बाबागाडी

रविवार, २५ ऑगस्ट १९६८. मॉस्कोत दुपारचे बारा वाजायला आले होते. ३२ वर्षांची एक बाई बाबागाडी ढकलत लाल चौकाकडे चालली होती. गाडीत तीन महिन्यांचं बाळ गाढ झोपलेलं. त्याच्या पायाशी गुंडाळून ठेवलेले दोन कापडी फलक आणि गादीखाली चेकोस्लोव्हाकियाचा छोटासा झेंडा.

बाईचं नाव नाताल्या गोर्बानेव्हस्काया. ती कवयित्री होती. पुढच्या दोन वर्षांत सोव्हिएत सरकारनं तिला अटक केली आणि तिला वेड लागलंय असं कोर्टाकडून ठरवून घेतलं. एका कवयित्रीला वेडं ठरवण्यासाठी एवढ्या बलाढ्य सत्तेनं प्राध्यापक, डॉक्टर, वकील आणि न्यायाधीश कामाला का लावावेत? तिच्या आयुष्याकडे नीट पाहिलं की त्याचं उत्तर मिळतं, आणि ती सत्ता आतून कशी चालायची हेही कळतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. सोव्हिएत संघात कवी असणं ही सरकारदरबारची नोंद होती. लेखक संघाचं सभासदत्व असेल तर तुम्ही लेखक. मग पुस्तक निघायचं, मानधन मिळायचं, घर मिळायलाही मदत व्हायची. सभासदत्व नसेल तर कितीही उत्तम लिहा, कायद्याच्या नजरेत तुम्ही रिकामटेकडे. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये जोसेफ ब्रॉडस्की या २३ वर्षांच्या तरुणावर 'ऐतखाऊ' म्हणून खटला चालला. तुला कवींमध्ये कुणी गणलं, असं न्यायाधीशबाईंनी त्याला भर कोर्टात विचारलं होतं. त्याला पाच वर्षांची हद्दपारी झाली. पुढे १९८७ मध्ये त्यालाच नोबेल मिळालं.

नाताल्या त्याच पिढीतली. जन्म मॉस्कोचा, २६ मे १९३६. मॉस्को विद्यापीठातून तिला काढून टाकलं, म्हणून शेवटी लेनिनग्राड विद्यापीठातून बाहेरून परीक्षा देऊन ती १९६४ साली पदवीधर झाली. पोटासाठी ग्रंथसूचीचं आणि भाषांतराचं काम करायची. मुलं दोन, थोरला यासिक आणि धाकटा ओस्या, आणि संसार एकटीच्या जिवावर. तिच्या कविता छोट्या, अंतर्मुख. घोषणा देणाऱ्या तर मुळीच नाहीत. सरकारमान्य मासिकांत त्यातल्या अगदी मोजक्याच छापून आल्या.

तरीही तिचे वाचक होते. हे कसं जमलं, ते समजायला 'समिझदात' हा शब्द लागतो. रशियन भाषेत 'सम' म्हणजे स्वतः आणि 'इझदात' हा प्रकाशनगृहाच्या नावातला तुकडा. सरकारी प्रकाशनगृहांची नावं अशीच जोडून केलेली असायची. निकोलाय ग्लाझकोव्ह नावाच्या कवीनं १९४०च्या दशकात आपल्या हातानं टाइप केलेल्या वह्यांवर प्रकाशक म्हणून 'मीच माझा छापखाना' अशा अर्थाचा शब्द घातला. पुढे तो आक्रसून समिझदात झाला.

पद्धत साधी होती. टाइपरायटरमध्ये पातळ कागद आणि मधे कार्बन असा थर घालायचा आणि बटणं जोर लावून दाबायची. एका वेळी चार-पाच प्रती निघायच्या. आपल्याकडे कचेरीबाहेर बसून अर्ज टाइप करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वरची प्रत ठसठशीत असते आणि सगळ्यात खालची इतकी पुसट, की उजेडात धरून वाचावी लागते. त्या चार-पाच प्रती मित्रांकडे जायच्या. प्रत्येकानं वाचून पुन्हा चार काढायच्या. छपाईयंत्रं सगळी सरकारच्या ताब्यात होती, टाइपरायटर मात्र घरोघरी होते.

आना आख्मातोवा यांचं 'रिक्विएम' असंच पसरलं. स्टालिनच्या काळात तुरुंगाबाहेर रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांवरच्या या कविता आख्मातोवांनी वर्षानुवर्षं कागदावर ठेवल्याच नव्हत्या. विश्वासातल्या काही मैत्रिणींच्या स्मरणात त्या जिवंत राहिल्या. १९६२च्या अखेरीस त्या कागदावर उतरल्या, तेव्हा त्या टाइप करून वाटणाऱ्यांत नाताल्या होती. आख्मातोवांच्या घरी तिची ये-जा होती. दुसऱ्याच्या कवितेसाठी रात्री जागून बोटं दुखवून घेणं, हे तिच्या कवीपणाचंच अंग होतं असं मला वाटतं.

तिच्या चरित्रातला एक कोपरा अनेक जण गाळतात. तो गाळला तर पुढचं काहीच नीट उलगडत नाही. १९५६ साली सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतला उठाव चिरडला. मॉस्कोत तिच्या ओळखीच्या दोन विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध पत्रकं काढली. त्या प्रकरणात नाताल्यालाही पकडलं. वय २०. सुरुवातीला ती गप्प राहिली, मग कोसळली आणि मित्रांविरुद्ध जबाब दिला. ती सुटली, ते तुरुंगात गेले. ही गोष्ट तिनं दडवून ठेवली नाही. पुढे मुलाखतींत स्वतःच्या तोंडानं सांगितली, कसलीही सबब न देता.

म्हणजे लाल चौकात गेलेली बाई जन्मजात निधड्या छातीची नव्हती. आपण घाबरतो आणि घाबरून काय करून बसतो, हे तिनं स्वतःच्या बाबतीत पाहिलेलं होतं.

आता १९६८. हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी मानवाधिकार वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, कारण मानवाधिकारांच्या जागतिक जाहीरनाम्याला २० वर्षं पूर्ण होत होती. जानेवारीत मॉस्कोत चार तरुणांवर समिझदातवरून खटला झाला आणि त्याच्या निषेधाच्या पत्रांवर शेकडो लोकांनी सह्या केल्या. सह्या करणाऱ्यांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या, घरांच्या झडत्या होऊ लागल्या. नाताल्या तेव्हा गरोदर होती. फेब्रुवारीत ती गर्भारपणातल्या त्रासासाठी इस्पितळात दाखल झाली आणि तिथून तिला परस्पर मनोरुग्णालयात हलवलं. काही दिवसांनी सोडलं. ही पहिली चुणूक.

बाहेर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की इतकं सगळं घडतंय, पण त्याची एकत्र नोंद कुठेच नाही. कुणाला कुठे पकडलं, कोणत्या कलमाखाली, किती शिक्षा झाली, कुणाची नोकरी गेली हे कानोकानी फिरतं आणि फिरताना बदलतं. तेव्हा भरल्या दिवसांत टाइपरायटरपुढे बसून तिनं एक बातमीपत्र तयार केलं. पहिल्या अंकावर तारीख आहे ३० एप्रिल १९६८. दोन आठवड्यांत ओस्या जन्मला.

त्या बातमीपत्राचं नाव 'चालू घडामोडींची बखर' असं मराठीत करता येईल. रशियन शब्द 'ख्रोनिका', आणि बखर म्हटलं की त्याचा भाव आपल्याला बरोबर कळतो. फरक एवढाच की आपल्या बखरींत पराक्रमाची वर्णनं भरपूर असतात, या बखरीत विशेषणच नव्हतं. हा नियम पक्का होता. 'अमानुष', 'निर्घृण', 'धिक्कार असो' असलं काही नाही. नाव, तारीख, कलम, शिक्षा, कोणत्या सक्तमजुरीच्या छावणीत पाठवलं आणि तिथे खायला काय मिळतं, एवढंच. मागच्या अंकात चूक झाली असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती. प्रत्येक अंकाच्या माथ्यावर मानवाधिकार जाहीरनाम्याचं १९वं कलम, म्हणजे मत बाळगण्याचा आणि ते मांडण्याचा अधिकार.

बातम्या जमवायच्या कशा, याची युक्तीही अंकात सांगितलेली असे. हा अंक तुम्हाला ज्यानं दिला त्यालाच तुमची माहिती द्या, तो त्याला देणाऱ्याला देईल. साखळी पार शेवटपर्यंत शोधू नका, नाहीतर तुम्हाला खबऱ्या समजतील. म्हणजे अंक ज्या वाटेनं खाली उतरे, त्याच वाटेनं बातमी वर चढे. कुणाला कुणाचं नाव माहीत असायची गरज नाही. टपाल नाही, फोन नाही, कचेरी नाही. ही बखर मधल्या खंडांसकट १९८३ पर्यंत चालली आणि तिचे ६३ अंक लोकांपर्यंत पोचले. पहिले बहुतेक अंक नाताल्यानं काढले. तिच्यानंतर दुसरे पुढे आले, त्यांना पकडलं की तिसरे. त्यातल्या कित्येकांनी छावणीत वर्षं काढली.

मला विचाराल तर तिचं सगळ्यात मोठं काम हेच. कवितेत एक शब्द जास्तीचा पडला की ती बिघडते, हे जिला ठाऊक होतं तिनंच हे बातमीपत्र घडवलं, यात नवल नाही.

२० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांचं सैन्य चेकोस्लोव्हाकियात घुसलं. तिथले नेते अलेक्झांडर दुबचेक यांनी वर्तमानपत्रांवरची बंधनं सैल केली होती, 'माणसाचा चेहरा असलेला समाजवाद' आणू म्हणत होते. तेवढं पुरलं. मॉस्कोची वर्तमानपत्रं मात्र रोज एकच सांगत होती की आपल्या सैन्याच्या पाठीशी सगळी सोव्हिएत जनता एकमुखानं उभी आहे. कारखान्यांत सभा भरवून हात वर करून ठराव होत होते.

या 'सगळी' शब्दापाशी नाताल्या अडली. तिचं गणित सरळ होतं. राष्ट्रातून एक माणूस वजा केला तर उरतं ते सगळं राष्ट्र नव्हे. राष्ट्र वजा मी, म्हणजे सगळं राष्ट्र नव्हे. मग 'सगळी जनता' हे विधान खोटं पडतं. त्यासाठी लाखोंचा मोर्चा लागत नाही, मी तिथे दिसले की झालं.

तिच्यासारखेच आणखी सात जण होते. पावेल लित्विनोव भौतिकशास्त्र शिकवायचा आणि त्याचे आजोबा मक्सिम लित्विनोव स्टालिनचे परराष्ट्रमंत्री होते. लारिसा बोगोराझ आणि कॉन्स्टान्तिन बाबित्स्की भाषाशास्त्रज्ञ. वादिम देलोने २० वर्षांचा कवी. शिवाय व्हिक्टर फाइनबर्ग, व्लादिमीर द्रेमल्यूगा आणि २१ वर्षांची विद्यार्थिनी तात्याना बायेवा. लोबनोये मेस्तो नावाचा दगडी चौथरा आहे, जुन्या काळी तिथून राजाज्ञा वाचून दाखवत. बाराचे टोल पडले तसे हे सगळे तिथे जमिनीवर बसले आणि फलक उलगडले. बसण्यामागे विचार होता. बसलेला माणूस दंगा करतोय असं म्हणता येत नाही.

एका फलकावर चेक भाषेत स्वतंत्र चेकोस्लोव्हाकियाचा जयजयकार होता. दुसऱ्यावर 'दुबचेकला मुक्त करा', आणखी एकावर 'आक्रमकांनो, शरम बाळगा'. दुबचेक तेव्हा तिथून हाकेच्या अंतरावर, क्रेमलिनच्या भिंतीआडच होते, मनाविरुद्ध वाटाघाटींना बसवलेले. नाताल्याच्या सगळ्यात आवडीची घोषणा होती, 'तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी'. १९व्या शतकात रशियाच्या झारविरुद्ध उठलेल्या पोलिश लोकांची ही घोषणा. नाताल्याला पोलिश भाषेचं वेड होतं, पुढे तिनं पोलिश कवी चेस्वाव्ह मिवोश यांच्या कविता रशियनमध्ये आणल्या.

हे सगळं काही मिनिटंच टिकलं. चौकाच्या चारी बाजूंनी साध्या वेशातली माणसं धावत आली. फलक फाडले, झेंडा हिसकला, 'ज्यूंना झोडा' असं ओरडत मारायला सुरुवात केली. फाइनबर्गचे पुढचे दात पाडले. सगळ्यांना गाड्यांत कोंबलं. बाबागाडीपाशी उभ्या असलेल्या नाताल्यालाही थोड्या वेळानं बाळासकट नेलं. इतरांनी बायेवाला पटवलं की तू वाटेनं चालली होतीस आणि चुकून सापडलीस असं सांग. तिनं तसं सांगितलं आणि ती सुटली. म्हणून पुष्कळ ठिकाणी आठऐवजी सातच जण लिहिलेले दिसतात.

ऑक्टोबरमध्ये पाच जणांवर खटला झाला. ज्या चौकात ते बसले होते, तिथे रहदारीला अडथळा केला हा एक आरोप. लित्विनोवला पाच वर्षं हद्दपारी, बोगोराझला चार, बाबित्स्कीला तीन. द्रेमल्यूगाला तीन वर्षं आणि देलोनेला दोन वर्षं दहा महिने छावणी. फाइनबर्गला कोर्टापुढे उभंच केलं नाही. दात पडलेला आरोपी दाखवणं अडचणीचं होतं, असं तेव्हापासून मानलं जातं. त्याची रवानगी लेनिनग्राडच्या विशेष मनोरुग्णालयात झाली.

नाताल्याला, तान्ह्या मुलाची आई म्हणून, त्याच दिवशी सोडलं. डॉक्टरांकडून 'मानसिक जबाबदारी घेण्यास अपात्र' असा शेरा मारून घेतला आणि प्रकरण मिटवलं. तिनं मात्र ते मिटू दिलं नाही. तीन दिवसांत परदेशी वर्तमानपत्रांना पत्र लिहून चौकात काय झालं ते सांगितलं. मग वर्षभर खपून खटल्याची कागदपत्रं, जबाब, साक्षी जमवून 'पोल्देन', म्हणजे 'भर दुपार', हे पुस्तक सिद्ध केलं. त्यातही पद्धत बखरीचीच. कोण कुठे बसलं होतं, कुणी कुणाला मारलं, साक्षीदार कोर्टात काय बोलले.

२४ डिसेंबर १९६९ला तिच्या घराची झडती झाली आणि तिला अटक झाली. आठवड्याभरानं, ३१ डिसेंबरच्या तारखेचा बखरीचा ११वा अंक निघाला. त्यात तिच्या अटकेची बातमी होती, इतर बातम्यांसारखीच, विशेषणाविना.

आता तिला वेडं ठरवण्याचं यंत्र कसं चाललं ते पाहू.

मॉस्कोतल्या मानसोपचाराचे तेव्हाचे सर्वेसर्वा होते आंद्रेई स्नेझनेव्हस्की. स्किझोफ्रेनियाचा एक प्रकार इतका हळू वाढतो, की वर्षानुवर्षं त्याची ठळक लक्षणंच दिसत नाहीत, असा सिद्धांत त्यांनी मांडला होता. माणूस नोकरी करतो, मुलं सांभाळतो, नीट बोलतो, तरी आतून आजारी असतो. तज्ज्ञालाच तो ओळखता येतो. याला 'मंद गतीचा स्किझोफ्रेनिया' म्हणत. 'सुधारणेचा भ्रम' आणि 'सत्यासाठी झगडण्याचा ध्यास' अशा गोष्टीही लक्षणांत मोडायच्या. एकदा ही व्याख्या हाती आली की कुठलाही विरोधक रोगी ठरतो. मी बरी आहे असं तुम्ही म्हणालात, तर आजाराची जाणीव नसणं हेही लक्षणच.

सत्तेला याचे फायदे तीन होते. छावणीच्या शिक्षेला शेवटची तारीख असते, इस्पितळाला नसते. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांची समिती बसते आणि हवं तर मुक्काम वाढवते. दुसरं, वेड्या माणसाला कोर्टात हजर करावं लागत नाही, म्हणून भाषणाची संधीच नाही. ७ जुलै १९७०ला नाताल्याच्या प्रकरणाचा निकाल तिच्या गैरहजेरीतच लागला. सोफिया कालिस्त्रातोवा या निडर वकीलबाई तिच्या बाजूनं लढल्या, पण निदान ठरून गेलेलं होतं. तिसरा फायदा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'सगळी जनता आमच्या पाठीशी आहे' हे वाक्य वाचवायचं असेल, तर जो पाठीशी नाही तो शहाण्या जनतेत मोजायचाच नाही. नाताल्याच्या वजाबाकीला सरकारनं दिलेलं हे उत्तर होतं.

जानेवारी १९७१ मध्ये तिला कझानच्या विशेष मनोरुग्णालयात नेलं. नाव रुग्णालय, पण ते चालवायचं गृहखातं. तिथे तिला हॅलोपेरिडॉल दिलं जाई. खऱ्या रुग्णाला योग्य मात्रेत उपयोगी पडणारं हे औषध धडधाकट माणसाला दिलं तर स्नायू आखडतात, हात थरथरतात आणि एक विचित्र अस्वस्थता अंगात भिनते. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की बसावंसं, आडवं पडून राहवत नाही. वाचायला घेतलेल्या ओळीवर मन ठरत नाही. शब्दावर जगणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा नव्हती. मॉस्कोत दोन लहान मुलं आजीकडे वाढत होती. फेब्रुवारी १९७२ मध्ये तिची सुटका झाली.

दरम्यान व्लादिमीर बुकोव्हस्की या तरुणानं अशा अनेक 'रुग्णां'ची कागदपत्रं १९७१ मध्ये पश्चिमेकडे पोचवली. त्यात नाताल्याचीही होती. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ती वाचली तरी त्यांच्या जागतिक संघटनेला सोव्हिएत पद्धतीचा निषेध करायला १९७७ उजाडलं. १९८३ मध्ये हकालपट्टी होण्याची वेळ आली तेव्हा सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञांची संघटना आपणहून बाहेर पडली.

नाताल्यानं डिसेंबर १९७५ मध्ये मुलांना घेऊन देश सोडला आणि पॅरिसला संसार मांडला. फ्रान्समध्ये तिनं स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. आजाराचं काही चिन्ह नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. 'कोन्तिनेंत' या नियतकालिकात आणि 'रुस्काया मिस्ल' या वर्तमानपत्रात तिनं वर्षानुवर्षं नोकरी केली, कविता लिहिल्या, भाषांतरं केली. अमेरिकन गायिका जोन बाएझ यांनी १९७६ मध्ये तिच्यावर गाणं गायलं. तिच्याजवळ जवळपास ३० वर्षं कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. २००५ साली ते पोलंडनं दिलं.

लाल चौकातल्या त्या दुपारीबद्दल विचारलं की ती म्हणायची, मी ते स्वतःच्या स्वार्थासाठी केलं, मला माझं मन स्वच्छ ठेवायचं होतं. तरी ते मन पुरतं स्वच्छ झालं असं तिला वाटलेलं दिसत नाही. देश सोडण्याआधीच्या काळातल्या तिच्या एका कवितेत ती म्हणते, की वॉर्सा वाचवली नाही ती मीच, नंतर प्राग वाचवलं नाही तेही मीच, आणि या अपराधाला प्रायश्चित्त नाही. बाबागाडी घेऊन रणगाड्यांविरुद्ध गेलेली बाई हे लिहिते. मला यात विसाव्या वर्षी जबाब देऊन बसलेली ती मुलगी दिसते.

२५ ऑगस्ट २०१३ला, ४५ वर्षांनी, ती पुन्हा लाल चौकात गेली. वय ७७. सोबत काही तरुण मंडळी होती आणि त्यांच्या हातात तोच फलक, 'तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी'. पोलिसांनी तो काढून घेतला आणि दहा जणांना ताब्यात घेतलं, तिला मात्र हात लावला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठानं तिला पदक दिलं. २९ नोव्हेंबरला पॅरिसमधल्या घरी, झोपेतच ती गेली. पेर लाशेझच्या दफनभूमीत तिला पोचवायला आलेल्यांत, गादीखाली झेंडा घेऊन झोपलेलं ते बाळही होतं, आता ४५ वर्षांचं.